समुद्रसफरीचा आराखडा आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व या विषयावर एखादे भाषण होते. आपण सारे ते मनापासून ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. या वर्षी अध्यक्षसाहेबांनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी त्यांना विचारले, "समुद्रावर बोललो तर चालेल का?" ते हसले. म्हणाले, "सिरोंच्यात समुद्र? बोला, पण पालकांच्या उपयोगाचे बोला." मी तसा प्रयत्न करणार आहे.

या विषयाचे मूळ एका विद्यार्थिनीच्या प्रश्नात आहे. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी सागरजलाचा पाठ शिकवीत होतो. तापमान, क्षारता, घनता असे सारे सांगून झाले. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, समुद्र एवढा मोठा आहे, तर त्यात मासे कुठे आहेत हे शोधायला निघालेले जहाज आधी कुठे जाते? आणि तिथेच का जाते?"

मी बी. ए., बी. एड. झालेला माणूस. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलेला, तोही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून. मी तिला सांगितले, "उद्या सांगतो." त्या उद्याला दोन महिने लागले. मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले आणि मग कळले की मुलीने फार मोलाचा प्रश्न विचारला होता. समुद्रात जाऊन काय करायचे यापेक्षा, जाण्यापूर्वी जमिनीवर बसून काय ठरवायचे, यावरच संशोधन सफरीचे यश अवलंबून असते.

मित्रहो, पाणी आणि मासे आपल्याला परके नाहीत. आपले सिरोंचा प्राणहितेच्या काठी आहे. पलीकडे कालेश्वरला ती गोदावरीला मिळते. सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. आपल्या बाजारात कोणी मासळी म्हणतो, कोणी मछली, कोणी चेपा; टोपली एकच असते. आपला ढीवर बांधव जाळे घेऊन निघतो तेव्हा तो वाटेल तिथे जाळे टाकीत नाही. पाऊस केव्हा पडला, पाणी किती गढूळ झाले, चढणीचे मासे कोणत्या ओढ्याने वर जातील, याचा हिशेब त्याने घरीच केलेला असतो. जवळच्या कोटा गावी चुनखडकात माशांचे जीवाश्म सापडले. ज्युरासिक काळातील ते मासे १८५१ सालीच इंग्रज शास्त्रज्ञांच्या लेखनात पोचले आणि त्या खडकांच्या थराला आपल्या या गावाचेच नाव मिळाले. तेव्हा माशांचे शास्त्र आपल्या अंगणात आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

प्रथम, माशांसाठी समुद्राचा अभ्यास का करावा लागतो ते पाहू. एका वर्षी समुद्रात मासळी उदंड मिळते आणि काही वर्षांनी होड्या रिकाम्या परततात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तारली नावाची मासळी आहे. केरळात २०१२ साली ती जवळजवळ चार लाख टन मिळाली. २०२१ साली तेथेच साडेतीन हजार टनसुद्धा मिळाली नाही. हजारो घरांची चूल त्या मासळीवर पेटते. ती गेली कुठे? कोणी म्हणे माणसांनी जास्त पकडली, कोणी म्हणे समुद्र तापला. अशा वेळी अंदाजाने भागत नाही. पाणी आणि मासा यांचा एकत्र अभ्यास करावा लागतो.

नॉर्वे देशात योहान यॉर्ट नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. तिकडच्या उत्तर समुद्रांत हेरिंग नावाची मासळी होते. एखाद्या वर्षी जन्मलेली पिढी फार मोठी का आणि दुसऱ्या वर्षीची नगण्य का, याचा त्यांनी शोध घेतला. माशाच्या खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात. त्यावरून त्याचे वय कळते. तसे वय मोजल्यावर दिसून आले की १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढे कित्येक वर्षे कोळ्यांच्या जाळ्यात भरभरून येत होती. १९१४ साली यॉर्ट यांनी आपला विचार मांडला. अंडी किती घातली यावर पिढीचा आकार ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाजवळ पिवळ्या बलकाची थोडी शिदोरी असते. ती संपते त्या घडीला पिल्लाच्या तोंडाजवळ, त्याच्या तोंडात मावेल असे अन्न असले पाहिजे. असले तर पिढी तरते. नसले तर लाखो पिल्ले काही दिवसांतच नाहीशी होतात. पुढे इतर शास्त्रज्ञांनी या विचारात भर घातली, प्रवाहांचा आणि शत्रूंचाही हिशेब धरला. पण शिदोरी संपण्याची ती घडी आजही या शास्त्राच्या केंद्रस्थानी आहे.

पालकहो, ही शिदोरीची गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता आपल्या समुद्राकडे वळू. मुंबईच्या वर, सौराष्ट्र आणि कच्छच्या बाजूला जो अरबी समुद्राचा उत्तर भाग आहे, तो मोठा विलक्षण आहे. हिवाळ्यात जमिनीवरून थंड, कोरडे वारे त्याच्यावर वाहतात. वरचे पाणी थंड आणि जड होऊन खाली जाते. पाणी घुसळले जाते आणि खालची खतासारखी पोषक द्रव्ये वर येतात. मग जानेवारी ते मार्चच्या सुमारास डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचे अफाट पीक येते. त्यांना प्लवक म्हणतात. हेच माशांच्या पिल्लांचे अन्न. परंतु याच समुद्रात साधारण १५० मीटरपासून १००० मीटर खोलीपर्यंत असा थर आहे की जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातही प्राणवायूचा असा दुष्काळ पडतो आणि तो तीव्र होत आहे.

त्या खोल थरात एक लहानसा मासा राहतो. त्याच्या अंगावर दिव्यासारखे ठिपके असतात, म्हणून त्याला लँटर्न फिश म्हणतात. दिवसा तो प्राणवायू नसल्यासारख्या अंधाऱ्या पाण्यात शत्रूपासून लपतो आणि रात्री अन्नासाठी वर येतो. १९७५-७६ साली 'डॉ. फ्रिट्जॉफ नान्सेन' या नॉर्वेच्या संशोधन जहाजाने अरबी समुद्राची पाहणी केली. त्या पाहणीवरून उत्तर आणि पश्चिम अरबी समुद्रात असे मासे सुमारे दहा कोटी टन असावेत, असा अंदाज निघाला. आकडा ऐकून जग चकित झाले. तो मासा माणसाच्या ताटात अजून फारसा आला नाही. पण मोठे मासे त्याच्यावर जगतात.

तेव्हा समजा, आपल्याला या उत्तर अरबी समुद्रात सफर काढावयाची आहे. आराखड्याची पहिली ओळ कोणती? तारीख नव्हे, जहाज नव्हे. पहिली ओळ म्हणजे प्रश्न. "समुद्राचा अभ्यास करणे" हा प्रश्न नव्हे. "हिवाळी पीक येते तेव्हा माशांची पिल्ले किनाऱ्यापासून किती दूर आणि किती खोलीवर असतात, आणि तिथे त्यांना अन्न आहे का?" हा प्रश्न झाला. प्रश्न ठरला की महिना ठरतो. हे पीक पाहायचे असेल तर फेब्रुवारीत गेले पाहिजे. ऑगस्टमध्ये जाल तर खवळलेल्या समुद्रात हाल होतील आणि हिवाळी पिकाबद्दल एक ओळही लिहिता येणार नाही.

मग जहाज. आपल्या देशाचे 'सागर संपदा' हे मासे आणि समुद्र या दोहोंच्या संशोधनासाठी १९८४ साली डेन्मार्कमध्ये बांधलेले जहाज आहे. लांबी सुमारे ७२ मीटर. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे हे जहाज कोचीच्या केंद्राकडून चालविले जाते आणि त्याने आजवर शेकडो सफरी केल्या आहेत. जहाजाचा एकेक दिवस फार महाग असतो. म्हणून शास्त्रज्ञांना आधी लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. त्याची छाननी होते आणि मोजके दिवस पदरी पडतात.

त्या मोजक्या दिवसांचा हिशेब मी आपल्या वर्गात फळ्यावर मांडला. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण पद्धत खरी आहे. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही मनात बेरीज-वजाबाकी करा.

मिळाले २० दिवस. जहाज कोचीहून निघणार. कोची ते मुंबई सुमारे ५८० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ताशी १० सागरी मैल वेग धरला तर ५८ तास लागतात. कामाची जागा त्याच्याही पुढे आहे. म्हणून जायला तीन दिवस, यायला तीन दिवस धरू. उरले १४. वादळवारा आणि बिघाड यांसाठी दोन दिवस बाजूला ठेवू. उरले १२ दिवस, म्हणजे २८८ तास.

किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे चार सरळ रेघा आखल्या. या रेघा उथळ समुद्रबूड जमिनीवरून खंडान्त उतारापर्यंत जातात, म्हणजे सगळ्या प्रकारचे पाणी वाटेत येते. प्रत्येक रेघ १२० मैलांची, म्हणजे १२ तासांची. चारांचे ४८ तास. एका रेघेवरून दुसरीवर जायला ६० मैल, असे तीनदा, १८ तास. नुसत्या चालण्यात ६६ तास गेले. उरले २२२. प्रत्येक रेघेवर जहाज थांबण्याची सात ठाणी, एकूण २८. प्रत्येक ठाण्यावर पाच तास काम: तापमान, क्षारता आणि खोली मोजणारे यंत्र तारेने खाली सोडायचे, वेगवेगळ्या खोलीचे पाणी बाटल्यांत भरून आणायचे, बारीक जाळीने प्लवक आणि पिल्ले गोळा करायची. झाले १४० तास. उरले ८२. आता मोठे जाळे ओढून मासे पकडायचे. आठ ठाण्यांवर एकदा दिवसा, एकदा रात्री. एकूण १६ वेळा. जाळे सोडणे, ओढणे, वर घेणे, मासे निवडणे याला प्रत्येकी चार तास, म्हणजे ६४. उरले अवघे १८ तास.

मी वर्गाचे तीन गट केले होते. एक पाण्याचा, एक प्लवकांचा, एक माशांचा. जिने पहिला प्रश्न विचारला होता तिला मी सफरीची प्रमुख शास्त्रज्ञ केले. प्लवकांचा गट म्हणाला, "आम्हाला आणखी सहा ठाणी पाहिजेत." सहा पंचे तीस तास आणि हातात अठराच. मोठे भांडण झाले. ती मुलगी फळ्याजवळ बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "एकही ठाणे वाढणार नाही. ज्या ठाण्यावर दुपारी पोचू तिथे रात्रीच्या जाळ्यासाठी थांबावे लागेल. हे १८ तास त्या थांबण्यासाठी आहेत. रात्र आपल्यासाठी लवकर होणार नाही."

बंधू-भगिनींनो, मी तो हिशेब घरी तीन वेळा केला होता; परंतु थांबण्याचा वेळ मला सुचला नव्हता. तो तिला सुचला.

हिशेब जमला तरी आराखडा पुरा होत नाही. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात बॉम्बे हायच्या तेलविहिरी आहेत; तेथील मचाणांभोवतीच्या ५०० मीटर सुरक्षा पट्ट्यात इतर जहाजांनी जायचे नसते. किनाऱ्याजवळ सातपाटीसारख्या गावांच्या कोळी बांधवांची बोंबलासाठी लावलेली डोल जाळी असतात. त्यांच्यावरून आपली रेघ गेली तर शास्त्राच्या नावाखाली एखाद्याचे वर्षाचे नुकसान होईल. रेघ नकाशावर सरळ असली तरी माणसांचा पोटाचा व्यवसाय पाहून तिला वळवावे लागते. कागदपत्रे, परवानग्या, प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी, जीवरक्षक जाकिटांची कवायत. जाळे फाटले तर दुसरे, यंत्र बिघडले तर सुटे भाग. समुद्राच्या मध्यावर दुकान नाही.

आणि पेन्सिल! पेन्सिलची गोष्ट माझ्या फजितीची आहे. मागच्या हिवाळ्यात मी वर्गाला प्राणहितेवर घेऊन गेलो. चार ठिकाणचे पाणी बारा बाटल्यांत भरले, तापमान मोजले, चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठ्या मी स्वतः शाईच्या पेनने, सुंदर अक्षरात लिहिल्या होत्या. शाळेत येईपर्यंत ओल्या हातांनी सगळी शाई पुसली गेली. बारा बाटल्या सारख्याच दिसू लागल्या. दिवसभराचे श्रम वाया गेले, आणि चूक सर्वस्वी माझी होती. नंतर वाचनात आले की जहाजावर नमुन्याची चिठ्ठी पेन्सिलीने लिहितात आणि एक बाटलीच्या आत, एक बाहेर अशा दोन लावतात. दोन रुपयांची पेन्सिल विसरली तर लाखोंची सफर मातीमोल होते.

आणखी एक बाब पालकांनी ऐकावी. जहाजावर सारेच शास्त्रज्ञ नसतात. कप्तान आहे, इंजिनावरची माणसे आहेत, तार सोडणारे, जाळे विणणारे, विजेची यंत्रे सांभाळणारे, स्वयंपाक करणारे आहेत. काम रात्रंदिवस पाळीपाळीने चालते. पहाटे तीनला पाण्याची बाटली वर आली की प्राणवायूचा नमुना सर्वांत आधी काढावा लागतो. हवा लागली की मोजमाप खोटे होते. त्या वेळी कोणाचे आडनाव काय, कोणाची भाषा कोणती, हे विचारायला सवड नसते. ज्याचे काम चोख, त्याचा मान मोठा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या मुलीच्या वडिलांचे आपल्या गावात दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. त्यांच्या परवानगीनेच मी हे सांगतो आहे. मुलीने घरी जहाजाची गोष्ट सांगितली तेव्हा ते मला शाळेत भेटायला आले. अतिशय सज्जन गृहस्थ. म्हणाले, "सर, समुंदर किधर, सिरोंचा किधर! मुलगी दहावी करील, मग पुढचे पाहू. तिला आशा कशाला लावता?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. मुलीला बाहेरगावी ठेवायचे, तिथे कोण पाहणार, खर्च कुठून आणणार, ही काळजी या सभेतील निम्म्या पालकांना आहे. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. आज देतो.

भाईसाहेब, गंगा-यमुनेच्या संगमावर तेव्हाचे अलाहाबाद आहे. तिथूनही समुद्र शेकडो मैल दूर. त्या गावी १९२६ साली सय्यद जहूर कासिम नावाचा मुलगा जन्मला. अलीगढला शिकला, वेल्समधील बँगरला जाऊन तिकडच्या थंड समुद्राच्या किनारी माशांचा अभ्यास करून डॉक्टरेट घेऊन आला. पुढे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा आणि त्यानंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा संचालक झाला. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. २१ माणसे होती आणि नेते होते डॉ. कासिम. ३१ डिसेंबरला त्यांना ५५ वर्षे पूर्ण झाली ती भर समुद्रात. ९ जानेवारी १९८२ रोजी मोहीम बर्फाच्या खंडावर उतरली आणि फेब्रुवारीत सर्वजण सुखरूप परतले. पुढे ते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू आणि योजना आयोगाचे सदस्यही झाले. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

आणि मुलीचा प्रश्न असेल तर आपल्या नागपूरकडे पाहा. डॉ. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा. त्याही गोव्याच्या संस्थेत समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींचा अभ्यास करीत. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया.

हेही दूरचे वाटत असेल तर हैदराबाद घ्या. गोदावरीवर पूल झाल्यापासून आपण दवाखान्याला, बाजाराला, नातेवाइकांकडे तिकडे जातोच. हैदराबादला कुठे समुद्र आहे? परंतु देशातील कोळ्यांना मासळी कोणत्या भागात मिळण्याचा संभव आहे हे उपग्रहाच्या माहितीवरून कळवणारे आणि त्सुनामीचा इशारा देणारे राष्ट्रीय केंद्र हैदराबादेतच आहे. तिथली माणसे संगणकासमोर बसून समुद्र वाचतात. तेव्हा समुंदर किधर, या प्रश्नाचे उत्तर असे की जिथे प्रश्न विचारणारे डोके आणि हिशेब करणारी पेन्सिल आहे, तिथपर्यंत समुद्र येतो.

आता शिदोरीची गोष्ट. अंड्यातून निघालेल्या पिल्लाजवळ जशी थोड्या दिवसांची शिदोरी असते, तशी आपल्या मुलांजवळ दहावीपर्यंतची शिदोरी असते. घर जवळ, शाळा जवळ, शिक्षक ओळखीचे, शुल्क माफक. दहावीचा निकाल लागला की ती शिदोरी संपते. त्या जून-जुलैच्या पंधरा-वीस दिवसांत मुलाच्या हाताशी पुढचे काही नसेल तर ते मूल बुद्धीने कितीही तल्लख असो, प्रवाहाबरोबर वाहून जाते. आपण म्हणतो, "नशीब!" ते नशीब नसते. त्या घडीला अन्न जवळ नव्हते, एवढेच.

हे मी अनुभवाने सांगतो. मला दहावीला गणितात चांगले गुण होते. विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय कुठे, वसतिगृह कुठे, अर्जाची मुदत कोणती, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. अब्बांनी चौकशी केली, पण ती पूर्ण होईपर्यंत मुदत टळली. मी कला शाखेत गेलो. भूगोलाने मला अन्न दिले आणि तुमची मुले दिली, तक्रार नाही. परंतु माझ्या वर्गातल्या मुलाची मुदत माझ्या डोळ्यांसमोर टळू नये, एवढे मला वाटते.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली विद्यार्थ्यांना. आज रात्री वहीत एक ओळ लिहा: मला काय शोधायचे आहे? "मोठा माणूस व्हायचे आहे" ही ओळ चालणार नाही. आणि ओळ लिहिल्यावर गणित व विज्ञान यांना घाबरू नका.

दुसरी पालकांना. दहावीच्या परीक्षेआधी, जानेवारीतच, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि लागू असेल त्यांनी जातीचा दाखला काढून ठेवा. निकालानंतर तहसीलच्या रांगेत उभे राहिलात तर ती मुदत जाते. ज्याला मत्स्यविज्ञान शिकायचे आहे त्याने अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घ्यावे. मत्स्यविज्ञानाचे पदवी महाविद्यालय नागपूरला आहे, रत्नागिरीला आहे, आणि त्याच्या पुढचे उच्च शिक्षण मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत मिळते. आणि आपल्या जिल्ह्यात तलाव-बोड्या कमी नाहीत. मत्स्यविज्ञान शिकलेला मुलगा समुद्रावर गेला नाही, तरी उपाशी राहणार नाही.

तिसरी विनंती आपल्या संस्थेला. प्रत्येक दहावीच्या विद्यार्थ्याचा एक पानी आराखडा शाळेत तयार व्हावा: प्रश्न काय, कुठे जाणार, किती खर्च, कागद कोणते, मुदत केव्हा. त्यात राखीव दोन दिवस जसे ठेवले तशी राखीव दुसरी वाटही असावी. आणि बाहेरगावी जाणाऱ्या मुलामुलींच्या पहिल्या तीन महिन्यांच्या खोलीभाड्यासाठी संस्थेने एक लहान निधी उभारावा. पहिले तीन महिने तरले की मूल तरते. त्या निधीसाठी माझ्या एका महिन्याच्या पगारातील चौथा हिस्सा मी आज येथे जाहीर करतो.

ती मुलगी आज दहावीत आहे आणि या मंडपात बसली आहे. तिचे अब्बाही आले आहेत. तिच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्याचा कागद अजून कोरा आहे. तो मी तिच्यासाठी भरणार नाही आणि तिच्या अब्बांना बाजूला ठेवूनही कोणी भरू नये. उद्या शाळा सुटल्यावर आम्ही तिघे बसणार आहोत, असे त्यांनी मला आताच मंडपात येताना सांगितले. मी पेन्सिल घेऊन येईन.